ग्रीनलंडचं अरुंद वल्हं: स्ट्रोक, लांबचा पल्ला आणि वेगाचा हिशेब

खाडीकाठ
कायाकच्या धाग्यांवर ग्रीनलंडच्या वल्ह्याचा विषय निघतो आणि दोन वाक्यांत आटोपतो. एक म्हणतो, "फळीच्या तुकड्याने काय वेग येणार?" दुसरा म्हणतो, "आधी वापरा, मग बोला." वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून हा वेगळा धागा. रोलिंग (उलटलेली कायाक वल्ह्याने पुन्हा सरळ करणं) इथे नको. वल्ह्याचं माप, पुढे जाण्याचा स्ट्रोक आणि 30 ते 50 किमीच्या पल्ल्यात कोणता वेग धरावा, एवढंच बोलू.

शब्द आधी ठरवून घेऊ. हात धरतो तो मधला भाग दांडा, पाण्यात जातं ते पातं आणि दोन्ही जिथे मिसळतात तो खांदा. कायाकचं पुढचं टोक म्हणजे नाळ. ग्रीनलंडी शब्दांपैकी 'काजाक', म्हणजे तिथली पारंपरिक अरुंद कायाक, सगळ्यांना माहीत आहे. 'मासिक' म्हणजे मांड्यांवरून जाणारी लाकडी कमान. (वर्गणी भरावी लागत नाही.) 'तुइलिक' म्हणजे कॉकपिटच्या (बसायच्या भोकाच्या) कडेला बांधायचा टोपीवाला अंगरखा.

सुतारपक्षी
मापापासून सुरू करतो, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

ग्रीनलंडमध्ये वल्हं वल्हवणाऱ्याच्या अंगावरून मोजतात. लांबी म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची एक वाव, अधिक कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा एक हात. 170 सेंमी उंचीच्या माणसाची वाव साधारण तेवढीच भरते. त्यात 45 मिळवले की 215 सेंमी. पडताळा घ्यायचा तर वल्हं उभं धरून हात वर करा, बोटं वरच्या टोकावर वळली पाहिजेत. बहुतेकांचं माप 210 ते 225 मध्येच बसतं.

दांडा आपल्या खांद्यांच्या रुंदीइतका, म्हणजे 45 ते 55 सेंमी. त्याचा छेद लंबगोल, साधारण 28 बाय 38 मिमी. अंगठा आणि तर्जनी त्याभोवती सहज जुळली पाहिजेत. पात्याची सर्वांत जास्त रुंदी तळहाताच्या बेचक्यात मावेल इतकीच, 8 ते 9 सेंमी. त्याहून रुंद झालं तर वल्हं सरकवताना पातं मुठीत धरता येत नाही आणि ग्रीनलंडी पद्धतीचा अर्धा फायदा तिथेच जातो. कडा 5 ते 6 मिमी. त्याहून जाड ठेवल्या तर पाण्यात शिरताना आवाज होतो, फार पातळ केल्या तर खडकावर टवके उडतात. जुन्या वल्ह्यांच्या टोकांना आणि कडांना हाडाच्या पट्ट्या बसवलेल्या दिसतात, त्या याचसाठी.

हे माप अरुंद कायाकसाठी आहे. काजाकही अंगावरूनच बेततात: लांबी साधारण तीन वाव, रुंदी कमरेइतकी आणि वर दोन मुठी. म्हणजे 5 ते 5.5 मीटर लांब आणि 50 सेंमीच्या आसपास रुंद. 60 सेंमी रुंदीच्या भाड्याच्या प्लास्टिक कायाकमध्ये हेच वल्हं घेऊन बसलात तर बोटं कडेला घासतील. तिथे दांडा आणि एकूण लांबी दोन्ही 5 ते 8 सेंमीने वाढवा.

सडाफटिंग
8 सेंमी रुंद पात्याने पाणी पकडणार किती? रुंद पात्याच्या निम्मंही नसेल.

सुतारपक्षी
गुणाकार करून बघा की. 220 मधून दांड्याचे 50 गेले, प्रत्येक बाजूला 85 सेंमी पातं उरलं. सरासरी रुंदी 7.5 धरली तरी 640 चौरस सेंमीच्या आसपास येतं. नेहमीच्या रुंद पात्याचं क्षेत्रफळही 600 ते 700 मध्येच असतं. फरक क्षेत्रफळात नाही, आकारात आहे. ते लांबवर पसरलंय एवढंच. मेख अशी की हे क्षेत्रफळ पातं खांद्यापर्यंत बुडलं तरच मिळतं. अर्धंच बुडवून ओढलंत तर तुमचं "निम्मंही नसेल" जवळजवळ खरं ठरतं.

नाळेवरचा
सुतारपक्ष्याने दार उघडलंच आहे, तर स्ट्रोक सविस्तर लिहितो.

पकड: अंगठा आणि तर्जनी दांड्यावर, उरलेली तीन बोटं पात्याच्या खांद्यावर सैल पसरलेली. हात एकमेकांपासून दूर नेऊ नका. मनगटं सरळ. वल्हं पोटासमोर, खाली. वरचा हात हनुवटीच्या वर जायचं कारणच नाही. छातीच्या उंचीवर तो आडवा सरकतो. काजाकचा पुढचा डेक बुटका असतो, म्हणून हे जमतं. उंच डेकच्या कायाकमध्ये हात आपोआप वर जातात आणि लोक दोष वल्ह्याला देतात.

कल: सगळ्यात महत्त्वाचं हे. पातं पाण्यात उभं सरळ ठेवायचं नाही. त्याची वरची कड नाळेकडे झुकलेली हवी, साधारण 20 ते 30 अंश. असं कललेलं पातं मागे ओढलं की पाण्याचा दाब त्याला पुढे आणि खाली असा दोन्हीकडे ढकलतो. म्हणजे पातं आपणहून खोल जातं, तिथेच स्थिर राहतं आणि तुम्हाला ते दाबून धरावं लागत नाही. उभं सरळ ठेवलं तर दोन्ही कडांवरून भोवरे आलटूनपालटून सुटतात आणि पातं डावी-उजवीकडे फडफडतं. ही फडफड हाताला कळते, मग माणूस मूठ आवळतो आणि 15 किमीनंतर मनगट धरून बसतो.

शिरकाव: पातं पायांच्या बाजूला, कायाकच्या अगदी जवळ, कडेने पाण्यात घुसवायचं. सुरी पपईत जाते तसं. "डुबुक" आवाज आला तर चुकलं. आवाज म्हणजे पात्यामागे हवा ओढली गेली, आणि हवेच्या पोकळीत ओढलेलं पातं घसरतं. म्हणून पूर्ण बुडेपर्यंत जोर अजिबात लावू नका. हा थांबा पाव सेकंदाचाही नसतो, पण नवशिक्या हमखास तोच चुकवतो.

ओढ: जोर दंडात नाही, धडात. शिरकावाच्या वेळी पाठ किंचित पुढे आणि धड वळलेलं. मग धड उलगडतं, त्याबरोबर पोटाचे स्नायू आवळून वरचा हात पुढे-खाली जातो. रुंद पात्याच्या शर्यती स्ट्रोकमध्ये गुडघे वरखाली करून पाय ढकलतात. काजाकमध्ये मांड्या मासिकखाली अडकलेल्या आणि पाय जवळजवळ सरळ, त्यामुळे ती सोय नाही. त्याऐवजी ज्या बाजूला ओढताय त्या बाजूच्या टाचेने पायटेकूवर दाब द्यायचा आणि मांडी मासिकला भिडवायची. हा दाब सुटला की तुमची ताकद कायाकला पोचतच नाही, नुसते सीटवर घसरत राहता.

सुटका: खालचा हात कमरेशी आला की झालं. पातं कडेने वर काढा. ते आणखी मागे नेलं तर पाणी उचलण्याचं काम होतं आणि कायाकची पिछाडी खाली दबते.

खाडीकाठ
एक शंका. वरची कड पुढे हे वाचताना कळतं, पण हातात वल्हं असताना ओळखायचं कसं? उलट झालं तर?

नाळेवरचा
उलट झालं तर पातं लगेच चुगली करतं. ओढताना ते पाण्याबाहेर चढायला लागतं, खाली ठेवायला जोर लागतो. (स्वीपमध्ये, म्हणजे वल्हं लांबवर कमानीत फिरवण्याच्या स्ट्रोकमध्ये, आधार घ्यायला हाच उलटा कल वापरतात, तिथे तो हवा असतो.) सोपी खूण: मनगटं सरळ ठेवून, कोपरं अंगाजवळ घेऊन वल्हं मांडीवर धरा. या स्थितीत पातं आपोआप थोडं पुढे कललेलं असतं. त्यात बदल करायला मनगट मुडपावं लागत असेल तर ते करू नका. दांड्याचा छेद गोल असेल तर मात्र ही खूण मिळत नाही, म्हणून लंबगोल हवा.

कल जास्त झाला तरी त्रास आहेच. पातं इतकं खोल पळतं की बाहेर काढायला उचलावं लागतं, आणि पुढे जायचा जोर खाली जाण्यात वाया जातो. फडफड थांबेल इतकाच कल पुरे.

आकडेमोड
आता वेग. कायाकच्या वेगाची ढोबळ मर्यादा पाण्यात बुडलेल्या लांबीवर ठरते. मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ घ्या, 4.5 ने गुणा, ताशी किमी मिळतील. काजाकची नाळ आणि पिछाडी लांब वर निघालेली असते, त्यामुळे 5.3 मीटरच्या काजाकची पाण्यातली लांबी 4.6 मीटरच्या आसपास. म्हणजे मर्यादा 9.6 किमी. 5.2 मीटर पाण्यात असलेल्या लांब कायाकची 10.3.

हे वाचून लोक लांब कायाक घ्यायला धावतात. पण दिवसभराच्या पल्ल्यात 9.6 च्या जवळ कोण जातो? आपण 5.5 ते 7 मध्ये असतो. त्या टप्प्यात कायाकने स्वतः उठवलेल्या लाटेचा विरोध कमी आणि पाण्याच्या घर्षणाचा जास्त असतो, आणि घर्षण ठरतं ओल्या पृष्ठभागावर. अरुंद, आखूड काजाकचा ओला पृष्ठभाग कमी. म्हणून 6 किमीला ते लांब कायाकच्या मागे पडत नाही, बरेचदा हलकंच जातं. 8 च्या पुढे चित्र उलटतं.

दुसरा हिशेब. लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. 6 वरून 7 वर जायला 59 टक्के जास्त ताकद. 50 किमीला 6 ने 8 तास 20 मिनिटं, 7 ने 7 तास 9 मिनिटं. वाचले 71 मिनिटं, तेही शेवटपर्यंत 7 टिकलं तर. पहिल्या तासात 7.5 मारून पुढे 5.2 वर आलेला माणूस पूर्ण वेळ 6.2 धरणाऱ्याच्या मागे राहतो.

तिसरी गोष्ट मोजायची म्हणजे स्ट्रोकमागे अंतर. दोन्ही बाजू धरून मिनिटाला 64 स्ट्रोक आणि वेग 6.5 असेल तर मिनिटाला 108 मीटर, म्हणजे स्ट्रोकमागे 1.7 मीटर. जीपीएसच्या घड्याळावर दर अर्ध्या तासाला हा आकडा बघा. स्ट्रोक वाढले आणि वेग तोच राहिला तर पातं घसरतंय. अशा वेळी जोर वाढवू नका, मिनिटाला चार-पाच स्ट्रोक कमी करा आणि शिरकाव नीट करा. वेग बहुधा जागचा हलत नाही, दम मात्र वाचतो.

सडाफटिंग
हे सगळं मान्य. पण शर्यती जिंकतात त्या पंखाच्या आकाराच्या वल्ह्याने. मग ग्रीनलंडचं कशाला?

आकडेमोड
सपाट पाण्यात, पूर्ण जोरात, पंखपातं वेगवान आहे. यात वाद नाही. 1980 च्या दशकात ते स्वीडनमधून आलं आणि स्प्रिंट शर्यतींतून बाकीची वल्ही बघता बघता गेली. पण ते एकाच मार्गाने चालतं: पातं पुढून बाहेरच्या बाजूला सरकत जायला हवं, हात वर, पाय ढकलत. आधार घेणं, मागे वल्हवणं, रोल करणं त्याने अवघड जातं.

उदाहरणं दोन्हीकडची आहेत. 2007 मध्ये ग्रेग स्टेमर आणि फ्रेया हॉफमाइस्टर यांनी आइसलंडची प्रदक्षिणा 33 दिवसांत केली, स्टेमरच्या हातात ग्रीनलंडचं वल्हं होतं. तीच फ्रेया, ग्रीनलंडी रोलमध्ये मुरलेली, 2009 मध्ये ऑस्ट्रेलियाला वळसा घालताना पंखपातं घेऊन गेली. 332 दिवस लागले. तेव्हा "हेच खरं" म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंनी जरा दमाने घ्यावं.

उत्तरायण
शर्यतींचा विषय निघालाय म्हणून. ग्रीनलंडची स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी होते, कान्नात कात्तुफियात ही तिथली कायाक संघटना ती भरवते. त्यात आखूड आणि लांब पल्ल्याच्या शर्यती, मध्येच कायाक उचलून जमिनीवरून पळायची शर्यत, हार्पून फेक, रोलिंग आणि दोरावरच्या कसरती असं सगळं असतं. मालिगियाक पादिया 1998 मध्ये 16 व्या वर्षी ही स्पर्धा जिंकला. एकाच माणसाला हे सगळं करायचं असतं, आणि वल्हंही त्याच बेताने घडलेलं आहे. सील माशाच्या मागे जाताना, वाऱ्यात परतताना आणि उलटल्यावर वर येताना उपयोगी पडेल असं. नुसत्या वेगासाठी ते कोणी बनवलं नव्हतं.

लाकडाचंही बघा. ग्रीनलंडच्या बऱ्याचशा किनाऱ्यावर उंच झाडंच नाहीत. वल्ही आणि कायाकचे सांगाडे समुद्राने आणून टाकलेल्या ओंडक्यांचे, आणि ते ओंडके मुख्यतः सायबेरियाच्या नद्यांतून वाहत आलेले.

नाळेवरचा
सील मासा नव्हे हो, सस्तन प्राणी.

उत्तरायण
चूक मान्य. कोळ्यांच्या जाळ्यात आला नाही म्हणजे मासा नाही, एवढं लक्षात ठेवतो.

खारा_वारा
वाऱ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि लांब पल्ल्याचा खरा हिशेब तिथेच चुकतो.

समोरून ताशी 25 ते 30 किमी वारा असेल तर वेग निम्म्यावर येणं साहजिक आहे. इथे अरुंद पातं आणि खाली ठेवलेला हात दोन्ही कामी येतात, कारण हवेतल्या पात्याला वारा कमी लागतो. ग्रीनलंडच्या वल्ह्याची दोन्ही पाती एकाच पातळीत असतात, पिळलेली नसतात, त्यामुळे मनगट फिरवावं लागत नाही. आडव्या झोतात हवेतलं पातं वर उचललं जात असेल तर त्या बाजूची मूठ सैल सोडा, झोत जाऊ द्या. घट्ट धरणारा उलटतो.

बाजूच्या वाऱ्यात कायाकची नाळ वाऱ्याकडे वळत राहते. काजाकला सुकाणू नसतं. अशा वेळी वल्हं वाऱ्याच्या बाजूला 15 ते 20 सेंमी सरकवून धरा, म्हणजे त्या बाजूची तरफ लांब होते, आणि कायाक त्याच बाजूच्या कुशीवर किंचित कलती ठेवा. दोन्ही बाजूंना ताकद सारखीच राहते, दिशा तरफ सांभाळते. दर चौथा स्ट्रोक स्वीपचा मारत राहिलात तर खांदा आधी जातो.

वारा फारच वाढला तर आखूड वादळी वल्हं. त्याचा दांडा जेमतेम दोन मुठींचा आणि एकूण लांबी साधारण एक वाव. ते दर स्ट्रोकला सरकवायचं असतं: उजवीकडे ओढताना उजवा हात दांड्यावर, डावा हात डाव्या पात्यावर, सगळं वल्हं उजवीकडे बाहेर. ओढ संपली की दोन्ही हात मध्यावर आणि मग डावीकडे. एक पातं पाण्यात असताना दुसरं जवळजवळ हाताखाली लपलेलं असतं, वाऱ्याला धरायला काही उरत नाही. वेग कमी, पण चालू राहतो. सुरुवातीला लोक ओढ चालू असतानाच सरकवायला जातात आणि गडबडतात. सरकवणं नेहमी पातं हवेत असताना.

पूर्व ग्रीनलंडमध्ये हिमस्तरावरून खाली कोसळणाऱ्या वाऱ्याला पितेराक म्हणतात. त्यात कुठलंच वल्हं उपयोगाचं नाही. तो येणार म्हटलं की लोक किनाऱ्यावर थांबतात.

खाडीकाठ
मागून लाट असेल तर?

खारा_वारा
प्रत्येक लाटेच्या मागे लागू नका. पिछाडी उचलली गेल्यासारखी वाटली की तीन-चार भरभर, आखूड स्ट्रोक, किंचित पुढे वाकून. कायाक घसरायला लागली की वल्हं जवळजवळ थांबवा. नाळ पुढच्या लाटेत घुसतेय असं दिसलं तर ती लाट सोडून द्या. दर तीन लाटांतली एक मिळाली तरी वेगाला फुकटची भर आहे.

मनगटशास्त्री
दुखण्यांचा कोपरा माझा.

मनगटाच्या वरच्या बाजूला कुरकुर होत दुखत असेल तर मूठ आवळली जातेय. ओढ देणाऱ्या हाताची बोटं फक्त आकड्यासारखी हवीत, ढकलणाऱ्या हाताची उघडी. खांद्याच्या पुढच्या भागात दुखत असेल तर सुटका उशिरा होतेय, हात कमरेच्या मागे जातोय. पाय बधिर होत असतील तर पाठीचा पट्टा उंच किंवा फार ताठ आहे, किंवा सीटची पुढची कड मांडीला काचतेय. पट्टा कमरेच्या हाडाच्या वर येता कामा नये, आणि तासाला एकदा पायटेकूवरून पाय काढून घोटे फिरवायचे. पोटात गोळे येत असतील तर पाणी आणि मीठ, दर 45 मिनिटांनी थोडं थोडं. एकदम अर्धा लिटर पिऊन पुढे वाकायचं म्हणजे वेगळाच प्रसंग.

पहिली 10 मिनिटं नेहमीच्या वेगाहून ताशी अर्धा किमी कमी ठेवा.

सडाफटिंग
बरं, कोकण किनाऱ्यावर तुइलिक घालायचा का? आणि लाकूड कुठलं?

सुतारपक्षी
तुइलिक थंड पाण्यासाठी आहे. आपल्याकडे पाणी 28-30 अंश, वर ऊन. नेओप्रिनच्या तुइलिकमध्ये दोन तास वल्हवलंत तर उष्माघाताची सोय. साधा स्प्रे स्कर्ट (कॉकपिट झाकणारं कापड), पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, लाइफ जॅकेट, बस्स. अरुंद वल्ह्यावरून हातावर पाणी ओघळतंच, इथे ते बरंच वाटतं.

लाकडाला तिकडे वेस्टर्न रेड सीडर वापरतात, घनता 370 किलो प्रति घनमीटरच्या आसपास. वल्ह्याचं घनफळ साधारण दोन लिटर, म्हणजे वजन 700 ते 750 ग्रॅम. तेच सागवानात केलं तर 650 च्या घनतेने 1.3 किलो. 50 किमीत 29 हजारांहून जास्त स्ट्रोक होतात, तो अर्धा किलो दर वेळी उचलायचाय. पाइनवुड 1 किलोच्या आत-बाहेर जातं, शिकायला चालेल. फळी निवडताना गाठी नकोत, आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच कडेला बाहेर पडणारी रेषा दिसली तर तिथेच मोडणार.

खाडीकाठ
वरून वॉर्निश मारायचं का?

सुतारपक्षी
पात्याला चालेल, दांड्याला नको. ओल्या हाताला वॉर्निश चिकटतं, सरकवताना अडतं आणि फोड येतात. जवसाचं उकळलेलं तेल तीन हात, प्रत्येक हातानंतर 20 मिनिटांनी जास्तीचं तेल पुसून घ्यायचं आणि एक दिवस सुकू द्यायचं. टोकांना चौथा हात, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. आणि तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकं दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच फेका.